वर्गातील दूरचित्रवाणी संच आणि त्याचे फिरते ब्रॅकेट

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ प्राथमिक शाळांत आता दूरचित्रवाणी संच येऊन पोहोचला आहे. कोठे तो लोकवर्गणीतून आला, कोठे ग्रामपंचायतीच्या निधीतून, तर कोठे गावच्या एखाद्या नोकरदाराने वडिलांच्या स्मरणार्थ शाळेस दिला. संच घेताना गावकरी चार दुकाने हिंडतात, चित्र किती स्वच्छ दिसते, आवाज किती खुला आहे हे पारखतात, किमतीची घासाघीस करतात. परंतु तो संच भिंतीवर ज्या लोखंडी आधारावर टांगावयाचा, त्याचा विचार सर्वांत शेवटी आणि बहुधा दुकानदाराच्या मर्जीवर सोडून दिलेला आढळतो. वास्तविक संच बिघडला तर दुरुस्त करता येतो. आधार निखळला तर तो खाली सतरंजीवर बसलेल्या मुलांवर येतो. म्हणून या आधाराची, ज्यास बाजारात ब्रॅकेट असे म्हणतात त्याची, निवड व बसवणूक शिक्षकाने स्वतः समजून घेणे अगत्याचे आहे. काम मेकॅनिक करील. पण ते बरोबर झाले की नाही हे पाहणारा माणूस शाळेतच असावयास हवा.

हा प्रश्न तसा नवा आहे. भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले, आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. पुण्याच्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम १९८४ नंतर आपल्या शाळांना परिचित झाले; ती संस्था पुढे बंद झाली. त्या काळचा संच म्हणजे काचेच्या नळीचे जाड खोके होते. त्याचे वजन पुष्कळ असले तरी तो मेजावर वा कपाटात स्वतःच्या वजनाने बसत असे. आजचा संच वजनाने त्याच्या निम्माही नाही, परंतु पातळ असल्यामुळे त्याला स्वतःचा बसका राहिलेला नाही. तो टांगावा लागतो. बसलेल्या वस्तूची काळजी वेगळी आणि टांगलेल्या वस्तूची वेगळी.

बाजारात ब्रॅकेटचे मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला स्थिर, यात संच भिंतीस जवळजवळ चिकटून राहतो. दुसरा झुकता, यात संचाची वरची कड थोडी पुढे ओढून पडदा खाली बसलेल्या मुलांकडे कलता करता येतो. तिसरा फिरता; यात भिंतीवरील पाटीपासून एक किंवा दोन लोखंडी हात निघतात, मध्ये सांधा असतो, आणि त्यांच्या टोकाशी संच बसतो. माणसाचा खांदा, कोपर आणि मनगट डोळ्यांपुढे आणले की याची रचना ध्यानात येते. भिंतीवरील पाटी हा खांदा, मधला सांधा हे कोपर आणि संचामागची चौकट हे मनगट. कोपर मिटले की संच भिंतीशी जातो, उघडले की हातभर पुढे येतो, आणि मनगट डावीउजवीकडे व खाली वळते.

तिसरा प्रकार दिसावयास आकर्षक असल्यामुळे दुकानदार तोच पुढे करतो. आमचे मत असे की, ज्या शाळेस त्याची खरी गरज नाही तिने तो घेऊ नये. एका खोलीत एकच इयत्ता बसत असेल, खिडक्यांचा उजेड पडद्यावर पडत नसेल आणि फळा व संच यांना वेगवेगळी जागा असेल, तर झुकते ब्रॅकेट पुरेसे होते; ते स्वस्त असते आणि भिंतीवर त्याचा ताण फारच थोडा येतो.

मग फिरत्या ब्रॅकेटची गरज कोणास? ती मुख्यतः द्विशिक्षकी शाळांस. अकोल्याच्या डोंगराळ भागात आणि पारनेर, पाथर्डी, जामखेड येथील वाड्यावस्त्यांवर अशा शाळा पुष्कळ आहेत. एका खोलीत पहिली-दुसरी एका बाजूस आणि तिसरी-चौथी दुसऱ्या बाजूस बसतात. पहिलीच्या मुलांना बडबडगीत दाखवावयाचे त्याच वेळी चौथीची मुले गणिते सोडवीत असतात. संच दोन्ही गटांच्या मध्ये भिंतीवर असला आणि तो एका गटाकडे वळविता आला, तर दुसऱ्या गटाचे लक्ष विचलित होत नाही. मोठ्यांनी कितीही दटावले तरी, पडदा समोर दिसत असता गणितात मन घालणारे मूल अजून जन्मावयाचे आहे. दुसरी गरज उजेडाची. सकाळच्या शाळेत पूर्वेच्या खिडकीतून ऊन येते, दुपारच्या शाळेत पश्चिमेच्या. एकाच खोलीत दोन्ही सत्रे भरत असतील तर पडदा थोडा इकडेतिकडे वळविण्याची सोय फार उपयोगी पडते. तिसरी गरज अशी की, एकच भिंत आहे आणि तिच्यावर फळाही आहे. अशा वेळी संच बाजूस मिटवून ठेवता येतो आणि पाठाच्या वेळी फळ्यापुढे ओढता येतो.

उजेडाची परीक्षा विकत घेण्यापूर्वीच करावी. तिला पैसा लागत नाही. घरातील एखादा आरसा संचाच्या नियोजित जागी एकाने धरावा आणि दुसऱ्याने मुलांच्या प्रत्येक ओळीत, खाली मांडी घालून बसून, त्या आरशात पाहावे. ज्या जागेवरून आरशात खिडकी किंवा दार दिसेल त्या जागेवरील मुलास उद्या पडद्यावरही तीच खिडकी दिसणार, धडा दिसणार नाही. आरसा थोडा वळविताच खिडकी नाहीशी होत असेल तर फिरत्या ब्रॅकेटचा उपयोग आहे. कितीही वळविला तरी ती दिसतच असेल, तर भिंतच बदलावी किंवा खिडकीस पडदा लावावा.

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू. फिरते ब्रॅकेट ही एक तरफ आहे. तरफेचा पाठ आपण मुलांस पहारीच्या उदाहरणाने शिकवितो: टेकूपासून जितके दूर बल लावावे तितका त्याचा परिणाम अधिक. येथे भिंतीवरील पाटीची खालची कड हा टेकू आहे. संचाचे वजन भिंतीपासून जितके पुढे जाईल तितके ते पाटीची वरची कड भिंतीपासून उपटून काढण्याचा अधिक प्रयत्न करील, आणि हा सर्व ताण वरच्या बोल्टांवर येईल. उसाची गाडी मागच्या बाजूस जास्त भरली म्हणजे ती उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यातील पट्टे ताणले जातात. वरचे बोल्ट म्हणजे ते पट्टे होत.

हिशेब सोपा आहे. समजा, संचाचे वजन १० किलो आहे आणि लोखंडी हाताचे ३ किलो. पाटीच्या खालच्या कडेपासून वरच्या बोल्टांपर्यंतची उंची २० सेंटिमीटर आहे. हात मिटलेला असून संच भिंतीपासून ८ सेंटिमीटर अंतरावर आहे. हाताचे वजन त्याच्या मध्याशी, म्हणजे ४ सेंटिमीटरवर, धरू. १० गुणिले ८ म्हणजे ८०, त्यात ३ गुणिले ४ म्हणजे १२ मिळवून ९२. त्यास २० ने भागले असता वरच्या बोल्टांवरील ओढ सुमारे साडेचार किलो येते. आता हात ५० सेंटिमीटर पुढे ओढला. १० गुणिले ५० म्हणजे ५००, हाताचे वजन मध्याशी धरून ३ गुणिले २५ म्हणजे ७५, एकूण ५७५; भागिले २०, म्हणजे सुमारे २९ किलो. संचाचे वजन एका मासानेही वाढलेले नाही, परंतु बोल्टांवरील ओढ सहापटीहून अधिक झाली. आणि मधल्या सुटीत २५ किलो वजनाच्या एखाद्या मुलाने उडी मारून त्या संचास लोंबकळण्याचा पराक्रम केला, तर हीच ओढ ९१ किलोंवर जाते. ही शेवटची संख्या शिक्षकाने विसरू नये. ब्रॅकेट संचासाठी घ्यावयाचे असते, परंतु भिंतीस सहन करावे लागते ते मुलांचे वागणे.

याच हिशेबातून दुकानात उपयोगी पडणारी एक गोष्ट निघते. भागणारी संख्या २० ऐवजी १० असती, म्हणजे पाटी उंचीने निम्मी असती, तर ओढ दुप्पट झाली असती. म्हणून पाटी जितकी उंच आणि तिची भोके एकमेकांपासून जितकी दूर, तितके ब्रॅकेट चांगले. तळहाताएवढ्या पाटीवर हातभर लांबीचा दांडा बसविलेले स्वस्त ब्रॅकेट हे मेजावर ठेवावयाच्या छोट्या संचासाठी कदाचित चालेल, वर्गासाठी नव्हे. उच्च प्राथमिक वर्गांना तरफ शिकविताना हे गणित फळ्यावर जरूर सोडवून दाखवावे. पाण्याची अर्धी बादली प्रथम छातीशी धरावयास सांगावी आणि मग हात लांब करून धरावयास सांगावी. खांद्याने जे कळते ते सूत्राने कळण्यास वेळ लागतो.

ब्रॅकेटच्या खोक्यावर ते किती किलो वजन पेलते हे छापलेले असते. संचाच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट भार पेलणारे ब्रॅकेट घ्यावे. मात्र तो आकडा लोखंडाचा असतो, आपल्या भिंतीचा नव्हे, हे ध्यानी असावे. कारखानदाराने आपली भिंत पाहिलेली नाही.

भिंत आपण पाहावयाची आहे, आणि आपल्या जिल्ह्यात भिंतींचे इतके प्रकार आहेत की, एका गावचा अनुभव दुसऱ्या गावी चालेलच असे नाही. जुन्या शाळा दख्खनच्या काळ्या दगडात बांधलेल्या आहेत. भिंत दीड-दोन फूट जाडीची असते, त्यामुळे ती अभेद्य वाटते. परंतु अशा भिंतीत बाहेरचे व आतले तोंड घडीव दगडाचे आणि मध्ये चिपा व माती किंवा चुना यांची भरती असते. दगड स्वतः अत्यंत कठीण. त्यात घट्ट बसलेला बोल्ट सुटणार नाही. पण गिलाव्यामुळे दगड कोठे आणि सांधा कोठे हे दिसत नाही, आणि भोक सांध्यात पडले तर बोल्ट मातीत बसतो. म्हणून प्रथम बारीक पात्याने चाचणीचे भोक पाडावे आणि भुकटीकडे पाहावे. करडी, बारीक भुकटी हळूहळू येत असेल तर दगड लागला आहे. पाते एकदम आत धसले आणि पिवळट वा पांढरी माती सांडू लागली, तर तो सांधा होय. तेथून चार बोटे सरकावे. पाटीला भोके अधिक असतील तर असे सरकणे सोपे जाते, हाही मोठ्या पाटीचा एक फायदा.

पक्क्या विटांची नऊ इंची भिंत चांगली समजावी. तांबडी भुकटी सतत येत राहिली म्हणजे वीट आहे. विटेत फार मोठा फुगणारा बोल्ट ठोकू नये. तो कसताना वीटच फुटते. नायलॉनची चांगली, लांब गिट्टी आणि तिच्या मापाचा जाड स्क्रू विटेत अधिक विश्वासाचा. दोन खोल्यांमधील साडेचार इंची भिंतीवर मात्र फिरते ब्रॅकेट गिट्टीवर लावू नये. लावावयाचेच असेल तर भिंतीस आरपार भोक पाडून पलीकडच्या बाजूस लोखंडी पट्टी द्यावी आणि नट-बोल्टने दोन्ही पाट्या भिंतीस मध्ये घेऊन आवळाव्यात. पोकळ सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंतीसही हाच उपाय, कारण तेथे बोल्टास फुगून धरावयास आत काही नसतेच. फिक्या रंगाच्या हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांत साधी गिट्टी धरत नाही. त्यासाठी वेगळे बोल्ट मिळतात, ते मागून घ्यावेत. काँक्रीटचा खांब खोलीत असेल तर त्याहून उत्तम जागा नाही. ब्रॅकेटची पाटी त्या खांबावर मावते काय, हे प्रथम मोजून पाहावे. अनेकदा मावते, आणि सर्व प्रश्न तेथेच सुटतो.

पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीवर, आणि पत्र्याच्या खोलीत, संच टांगूच नये. तेथे जमिनीवर उभा राहणारा रुंद पायांचा स्टँड घ्यावा आणि तो वरच्या बाजूस भिंतीशी साखळीने बांधावा. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

इमारत जुनी असेल, भिंतीस तडे असतील, पावसाळ्यात ओल येऊन गिलावा फुगत असेल, तर भोक पाडण्यापूर्वी पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागाकडील अभियंत्यास दाखवून लेखी अभिप्राय घ्यावा. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर तालुक्यातील निंबोडी येथील शाळेच्या खोलीचे छत पावसात कोसळून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातील शिक्षकास सांगावयास नको. तेथे संचाचा वा ब्रॅकेटचा काही संबंध नव्हता. परंतु ज्या भिंतींखाली मुले दिवसातील सहा तास बसतात, त्या भिंती आपण केवळ फळा व तक्ते यांची पाठ म्हणून पाहतो. संच टांगण्याच्या निमित्ताने का होईना, एकदा त्यांवर बोटाने टिचकी मारून पाहावी. गिलावा पोकळ वाजतो काय, ओल कोठवर चढली आहे, हे पाहावे. भिंत ब्रॅकेटास नालायक ठरली, तर ती गोष्ट ब्रॅकेटपुरती मर्यादित ठेवू नये. वरिष्ठांस त्याच दिवशी कळवावी.

ब्रॅकेट आणि संच यांचे माप जुळणे ही त्यामानाने किरकोळ बाब आहे, परंतु दुकानातून परत फेरी मारावी लागते ती तिच्यामुळेच. संचाच्या पाठीस चार आटेदार भोके असतात. त्यांतील आडवे व उभे अंतर व्हेसा नावाच्या मापपद्धतीप्रमाणे ठरलेले असते: १०० गुणिले १००, २०० गुणिले १००, २०० गुणिले २०० मिलिमीटर, इत्यादी. हे अंतर पट्टीने मोजून कागदावर लिहून न्यावे. स्क्रूची जाडी लहान संचास ४ मिलिमीटर, मोठ्यास ६ किंवा ८ अशी असते. स्क्रूची लांबी मात्र जपून घ्यावी. आखूड स्क्रू दोन आट्यांवर लटकतो, आणि फाजील लांब स्क्रू आतील भागांत घुसून संच कायमचा निकामी करतो. स्क्रू प्रथम बोटांनी फिरवून आत किती जातो ते पाहावे; अडला की जोर लावू नये.

हाताची लांबी किती असावी, याचेही एक गणित आहे. संच वळविला म्हणजे त्याची एक कड मागे भिंतीकडे जाते. ४३ इंची संचाची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर, म्हणजे अर्धी रुंदी साडेसत्तेचाळीस. तो भिंतीशी काटकोनात वळवावयाचा तर मध्य भिंतीपासून निदान ४८ सेंटिमीटर पुढे आला पाहिजे. नाहीतर कड भिंतीस टेकेल. ४५ अंशांत वळवावयाचा तर सुमारे ३४ सेंटिमीटर पुरतात. ३२ इंची संचास याच दोन संख्या अनुक्रमे ३६ व २५ इतक्या येतात. वर्गात बहुधा ४५ अंशांहून अधिक वळविण्याचा प्रसंग येत नाही. म्हणून उगाच फार लांब हाताचे ब्रॅकेट घेऊ नये. प्रत्येक सेंटिमीटर वर सांगितलेल्या तरफेच्या हिशेबात जमा होतो. पुठ्ठ्याचा एक तुकडा संचाच्या रुंदीचा कापून तो जमिनीवर भिंतीलगत फिरवून पाहिला, तर हे सारे गणिताशिवायही कळते.

उंचीविषयी मतभेद आहेत. पुस्तकी नियम खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी असतात. आपली मुले सतरंजीवर बसतात आणि त्यांचे डोळे जमिनीपासून जेमतेम दोन-सव्वादोन फुटांवर असतात. भिंतीस लागून असलेल्या झुकत्या संचाची खालची कड साडेतीन फुटांवर असली तरी चालते. फिरता संच मात्र पुढे येतो आणि त्याची टोकदार कड चौथीतील मुलाच्या नेमकी कपाळाच्या उंचीवर येऊ शकते. धावत वर्गात शिरणारे मूल वर पाहत नाही. म्हणून फिरत्या संचाची खालची कड साडेचार फुटांच्या खाली आणू नये, पडदा पाच ते दहा अंश खाली झुकवावा, आणि पहिली ओळ निदान तीन मीटर दूर बसवावी. म्हणजे मुलांच्या माना अवघडणार नाहीत. पाठ संपताच हात मिटून संच भिंतीशी नेण्याचा नेम ठेवावा आणि ते काम शिक्षकाने स्वतः करावे, वर्गप्रमुखावर सोपवू नये.

प्रत्यक्ष बसविण्याच्या दिवशी मुलांस सुटी असावी. ज्या ठिकाणी विजेचे बोर्ड आहेत त्यांच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भिंतीच्या आत तारा असण्याचा संभव असतो. तेथे भोक पाडू नये. ड्रिलला वीज दुसऱ्या खोलीतून घेऊन या खोलीचा प्रवाह बंद ठेवावा. पाटी भिंतीवर धरून ओळंब्याने व पाणसळीने ती सरळ आहे हे पाहून पेन्सिलने भोकांच्या खुणा कराव्यात. पाटी तिरपी बसली तर संच आपोआप एका बाजूस फिरत राहतो, आणि मग मेकॅनिक सांधे आवळून तो दोष झाकू पाहतो. भोक गिट्टीच्या लांबीहून सुमारे एक सेंटिमीटर अधिक खोल पाडावे. खोली मोजताना गिलाव्याची जाडी हिशेबात धरू नये, कारण गिलावा भार पेलत नाही. भोकातील भुकटी पूर्ण काढावी. सायकलच्या पंपाने दोन-चार झोत मारले की ती बाहेर येते. या एका गोष्टीकडे कारागीर बहुधा दुर्लक्ष करतात. भुकटीत बसलेली गिट्टी आज घट्ट वाटते आणि चार महिन्यांनी फिरू लागते. गिट्टी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी जावी. बोटाने सहज आत गेली तर भोक मोठे झाले आहे असे समजावे आणि काड्या वा कागद कोंबून ते भरू देऊ नये. सर्व बोल्टांखाली वायसर घालून ते पान्याने आळीपाळीने आवळावेत.

पाटी बसली की लगेच संच चढविण्याची घाई होते, कारण गावातील मंडळी पाहावयास जमलेली असतात. तत्पूर्वी भाराची परीक्षा घ्यावी. शाळेत पोषण आहाराचा तांदूळ आणि वजनकाटा असतोच. संच १० किलोचा असेल तर २० किलो तांदूळ पोत्यात मोजून घ्यावा आणि ते पोते ब्रॅकेटचा हात पूर्ण पुढे ओढून त्याच्या टोकास दोरीने टांगावे. खाली कोणी उभे राहू नये. अर्धा तास तसेच राहू द्यावे. मध्ये हात एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे वळवावा, कारण वळलेल्या स्थितीत एका बाजूच्या बोल्टांवर अधिक ताण येतो. मग पोस्टकार्डाचा कागद पाटीच्या वरच्या कडेमागे सरकवून पाहावा. कागद सुरुवातीस जेथे अडत होता तेथेच अडला तर ठीक. तो अधिक आत गेला, तर पाटी भिंतीपासून सुटू लागली आहे. त्या भोकांवर संच चढवू नये, मग जमलेली मंडळी काहीही म्हणोत. तांदूळ पुन्हा मोजून कोठीत ठेवावा. संच चढविताना दोन माणसे असावीत आणि त्यांनी तो कडांनी धरावा, पडद्यावर बोटे दाबून नव्हे.

तारांसाठी ढील ठेवावी लागते. हात पूर्ण उघडून, दोन्ही बाजूंस वळवून, कोणतीही तार ताणली जात नाही आणि कोपराच्या सांध्यात चिमटली जात नाही हे पाहूनच त्या बांधाव्यात. अर्थिंग खरोखर जोडलेले आहे की नुसते तिसरे भोक आहे, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात ढग गडगडू लागताच संचाचा आणि डिशचा प्लग भिंतीतून काढावा. बटण बंद करणे पुरेसे नाही. अकोल्याच्या पश्चिम भागात पावसाळाभर हवेतील ओलीने स्क्रू गंजतात, त्यांस मेणाचा किंवा ग्रीसचा हलका हात द्यावा. कर्जत-जामखेडकडे उन्हाळ्यातील धुळीने सांधे करकरतात. ते कोरड्या फडक्याने पुसावेत, तेल ओतू नये, कारण तेलावर धूळ अधिक बसते.

मोठ्या सुटीत संच काढून कुलपात ठेवण्याची पद्धत अनेक शाळांत आहे व ती योग्य आहे. जडसंग्रह नोंदवहीत संचाबरोबर ब्रॅकेटची स्वतंत्र नोंद करावी, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाचा क्रमांक तेथे लिहावा, आणि कोणत्या भिंतीवर, कोणत्या प्रकारच्या व किती बोल्टांनी ते बसविले हेही दोन ओळींत टिपावे. बदली होऊन नवीन शिक्षक येतो, तेव्हा गिलाव्याआड काय आहे हे त्यास दुसरे कोणी सांगणार नसते. जूनमध्ये शाळा उघडताना आणि दिवाळीच्या सुटीनंतर कागदाची परीक्षा पुन्हा करावी व बोल्ट पान्याने तपासावेत. त्या मापाचा पाना, दोन जादा वायसर आणि संचाचे उरलेले स्क्रू एका डबीत घालून डबीवर चिठ्ठी चिकटवावी आणि ती खडूंच्या कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवावी.